शोभेच्या माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

गोड्या पाण्यातील शोभेच्या माशांचा जोडधंदा करणाऱ्या कुटुंबाचे या रोगाने थोड्याच दिवसांत मोठे नुकसान होते. अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसणे, माशांनी दगडांवर अंग घासणे व अन्न न घेणे ही त्याची लक्षणे होत.

हा रोग एका सूक्ष्म परोपजीवी जंतूमुळे होतो. जंतू माशाच्या त्वचेखाली असेपर्यंत त्यास उपाय लागू पडत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो गळून तळाशी बसतो व त्याची शेकडो पिल्ले नव्या माशाच्या शोधात पाण्यात पोहू लागतात. उपाय लागू पडतो तो याच वेळी. म्हणून ठिपके नाहीसे होताच उपचार थांबवू नयेत.

दर लिटर पाण्यास 2 ते 3 ग्रॅम मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडेथोडे घालावे. तळाचा गाळ रोज काढावा. जितके पाणी नवे भरले, तितक्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. ठिपके गेल्यावरही एक आठवडा हा क्रम चालू ठेवावा.

विकत आणलेले मासे तीन आठवडे निराळ्या टाकीत ठेवावेत व त्यांची जाळी, बादली इतरत्र वापरू नये. ग्रामसेवकांनी ही दक्षता मत्स्यपालकांस आवर्जून समजावून द्यावी.