परदेशी शिक्षणाची वाट : अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा

आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली पदवी संपादन करून स्वदेशी परतल्या. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी आगबोटीचे भाडे आणि रूढींचा विरोध हेच मोठे अडथळे होते. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१७ साली, अमेरिकेने परकीयांवर व्हिसाची अट घातली आणि पुढे ती कायम झाली. आज मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वाणिज्य दूतावासात होणारी काही मिनिटांची मुलाखत विद्यार्थ्याच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांचा आणि कुटुंबाने उभ्या केलेल्या पैशाचा निर्णय करते. म्हणूनच या मुलाखतीमागील कायदा व कार्यपद्धती विद्यार्थी आणि पालक या दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची भूमिका

अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यातील कलम २१४(ब) हा या साऱ्या प्रक्रियेचा कणा होय. अर्जदार कायमच्या वास्तव्यासाठीच येऊ इच्छितो, असे गृहीत धरून हे कलम चालते. तसे नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी सर्वस्वी अर्जदारावर असते. त्यामुळे अधिकाऱ्यास तीन गोष्टींची खात्री हवी असते : शिक्षणाचा हेतू खरा आहे काय, खर्चाची तरतूद आहे काय आणि शिक्षण संपल्यावर परतण्याचा इरादा आहे काय. या तिन्ही उत्तरांचा परस्परांशी मेळ बसला पाहिजे. दुसऱ्याने पढविलेली उत्तरे येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. कारण पुढचा प्रश्न कोणता येईल, हे पढविणाऱ्यासही ठाऊक नसते.

अर्जाचा क्रम

मान्यताप्राप्त विद्यापीठाने प्रवेश दिल्यावर विद्यार्थ्यास ‘आय-२०’ हे प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर विद्यार्थी-नोंदणीचे, म्हणजे ‘सेव्हिस’चे, ३५० डॉलर शुल्क भरावे लागते. मग ‘डीएस-१६०’ हा अर्ज संगणकावर भरून व्हिसाचे शुल्क भरावयाचे असते. हे शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे. २०२५ च्या एका कायद्याने त्यावर आणखी २५० डॉलर आकारण्याची तरतूद केली आहे. रकमा बदलत असल्याने त्या दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच भराव्यात. शेवटी बोटांचे ठसे व छायाचित्र आणि त्यानंतर मुलाखत, असा हा क्रम आहे. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांस पाहता येतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले आहे.

अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपासून व्हिसा मिळू शकतो. अमेरिकेत प्रवेश मात्र ३० दिवस आधीच करता येतो. वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होत असल्याने उन्हाळ्यात अर्जांची गर्दी उसळते. शहाण्या विद्यार्थ्याने पारपत्राची तयारी प्रवेशाच्या अर्जापूर्वीच उरकावी. आपल्याकडील दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव असते. पारपत्र, आय-२० व अर्ज यांतील नाव अक्षरशः एक असावे. तफावत आढळल्यास ती वेळीच दुरुस्त करून घ्यावी.

पैशाचा पुरावा

पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखविल्याखेरीज विद्यापीठ आय-२० देत नाही, आणि मुलाखतीतही हाच प्रश्न पुन्हा येतो. बँकेतील ठेवी, शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र किंवा शिष्यवृत्तीचा आदेश हे भक्कम पुरावे होत. सातबारा उतारा जमिनीची मालकी दर्शवितो, हाती असलेली रोकड नव्हे; कर्जासाठी तारण म्हणून व गावाशी असलेल्या नात्याची खूण म्हणून मात्र त्याचे मोल आहे. मराठी कागदपत्रांसोबत इंग्रजी भाषांतर जोडावे. चार दिवसांसाठी उसनी आणून खात्यात ठेवलेली रक्कम संशयास कारण ठरते. अनुसूचित जातींच्या गुणवंत विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना आहे. पात्र विद्यार्थ्यांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा.

असत्याची किंमत

२०१९ साली मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठ हे अमेरिकी शासनानेच रचलेला सापळा असल्याचे उघड झाले. तेथे ना शिक्षक होते, ना वर्ग; तरीही सुमारे ६०० जणांनी नाव नोंदविले होते आणि त्यांत भारतीयांचा भरणा होता. २०२३ साली कॅनडात याहून करुण प्रकार उजेडात आला. मध्यस्थांनी जोडलेली प्रवेशपत्रे बनावट असल्याचे पंजाबमधील अनेक विद्यार्थ्यांना कायम वास्तव्यासाठी अर्ज केल्यावर कळले. दोष मध्यस्थाचा असला तरी हद्दपारीची टांगती तलवार विद्यार्थ्यांच्या मस्तकावर होती.

यावरून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, हे अमेरिकी शासनाच्या यादीत स्वतः पाहावे. प्रवेशपत्राची खातरजमा थेट विद्यापीठाकडून करावी. मध्यस्थाचे साहाय्य घेतले तरी अर्जातील प्रत्येक ओळ वाचल्यावाचून तो सादर करू नये. कारण त्यातील मजकुराची जबाबदारी अर्जदाराचीच असते.

कलम २१४(ब) खाली नकार मिळाल्यास त्याविरुद्ध अपील नाही व शुल्कही परत मिळत नाही. परंतु परिस्थितीत बदल झाला असल्यास पुन्हा अर्ज करता येतो. असत्य विधान किंवा बनावट कागद सिद्ध झाल्यास मात्र अमेरिकेचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. प्रामाणिक नकार पुढील वर्षी पुसता येतो, खोट्याचा डाग सहसा पुसला जात नाही.

व्हिसा मिळाला तरी तो केवळ प्रवेशद्वारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. अंतिम प्रवेश विमानतळावरील अधिकारी देतो. तेव्हा आय-२० व खर्चाचे कागद सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावेत. आपण काय शिकणार, कशाच्या बळावर शिकणार आणि शिकून काय करणार, याचे स्वतःच्या शब्दांत उत्तर ज्या विद्यार्थ्यापाशी तयार असेल, त्याने मुलाखतीस निःशंक मनाने सामोरे जावे.