रोहिणीच्या भिंतींतील पहारेकरी

हृदयविकार हा उतारवयाचा रोग, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. विद्यार्थ्यांस तो आजोबांचा रोग वाटतो आणि पालकांस फार तर स्वतःचा. परंतु १९५३ सालीं तीन अमेरिकन वैद्यांनीं कोरियाच्या युद्धांत मृत्यु पावलेल्या ३०० सैनिकांच्या हृदयांच्या तपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हां ह्या समजुतीस मोठाच धक्का बसला. त्या तरुणांचें सरासरी वय अवघें २२ वर्षांचें होतें. तरीहि शेंकडा ७७ जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत रोगाचीं चिन्हें नुसत्या डोळ्यांनीं दिसत होतीं. पुढें अपघातादि कारणांनीं मरण पावलेल्या अमेरिकेंतील १५ ते १९ वर्षांच्या मुलांच्या महारोहिणींतहि रोगाचा आरंभ झालेला आढळला. म्हणजे शाळा सुटते न सुटते तोंच! हा आरंभ कसा होतो व त्यांत आपल्याच रक्षक पेशी कसा भाग घेतात, तें आपण पाहूं.

प्रथम ह्या रक्षकांची ओळख करून घेतली पाहिजे. १८८२ सालीं एली मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञाचें बिऱ्हाड सिसिली बेटांतील मेसिना येथें होतें. घरचीं माणसें सर्कस पाहावयास गेलीं असतां हे गृहस्थ सूक्ष्मदर्शक यंत्रापाशीं बसून तारामाशाचीं पारदर्शक अर्भकें न्याहाळीत होते. त्यांनीं बागेंतील गुलाबाचे कांटे त्या अर्भकांच्या अंगांत टोंचले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतात तों फिरत्या पेशींनीं कांट्यास चोहोंकडून वेढा घातलेला! परक्या वस्तूस गांठून गिळणाऱ्या ह्या त्या भक्षक पेशी होत. सर्कस बुडाली खरी. पण १९०८ सालीं पॉल एर्लिख ह्यांच्या समवेत मेचनिकॉफ ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां सौदा तोट्यांत गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां रोहिणीकडे वळूं. तिला आंतून पेशींच्या एकेरी थराचें गुळगुळीत अस्तर असतें. ओढ्यास फांटा फुटतो तेथें पाणी घुटमळतें, त्याप्रमाणें रोहिणीस फांटा फुटतो तेथें रक्ताचा ओघ विस्कळित होतो व तेथील अस्तर कांहींसें दुबळें असतें. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे सूक्ष्म कण अशा जागीं अस्तराखालीं शिरतात, अडकून पडतात आणि प्राणवायूच्या संयोगानें विकृत होतात. अस्तराच्या पेशींस ही चाहूल लागतांच त्या आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभे करतात. रक्तांतील मोनोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी त्यांवर घरंगळत येतात, चिकटतात आणि फटींतून भिंतींत उतरून भक्षक पेशी बनतात.

येथवर सर्व कांहीं नेमानें चाललें आहे. मग बिघडतें कोठें? पेशीस कोलेस्टेरॉलचे कण आंत घेण्यास एक नेहमींचें दार असतें, आणि पेशीची गरज भागली कीं अशीं दारें कमी होतात. हा शोध लावणाऱ्या ब्राऊन व गोल्डस्टाइन ह्यांस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु विकृत झालेले कण ह्या दारानें जात नाहींत. त्यांच्यासाठीं भक्षक पेशीपाशीं दुसरें, सफाईचें दार असतें. तें पोट भरलें तरी मिटत नाहीं! पेशी खातच राहते. अखेर मेदाच्या थेंबांनीं ती इतकी गच्च भरते कीं सूक्ष्मदर्शकाखालीं फेसासारखी दिसते. अशा फेसाळ पेशींचा पुंजका म्हणजेच रोहिणीवरील पिंवळा पट्टा. कोलेस्टेरॉल खाऊं घातलेल्या सशांच्या रोहिण्यांत मेदानें भरलेल्या पेशी सेंट पीटर्सबर्ग येथील अनिचकॉव्ह ह्यांनीं १९१३ सालींच पाहिल्या होत्या.

हा पट्टा स्वतः निरुपद्रवी असतो व कित्येकदां मागेंहि हटतो. पण रक्तांत कोलेस्टेरॉल वाढलेलेंच राहिलें, त्यांत तंबाखूच्या धुराची व रक्तदाबाची भर पडली, तर फेसाळ पेशी रासायनिक निरोप धाडून आणखी सोबती बोलावतात. टी पेशी येऊन चेतवणी देतात. जुन्या पेशी जागींच मरून मेदाचें डबकें सांचतें. पुढें कधीं त्यावरील पापुद्रा फाटला कीं रक्ताची गुठळी होते, व हृदयाचा झटका येतो.

मग ह्या पेशींसच आवरलें तर? २०१७ सालीं तसा प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वीं झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रोग्यांपैकीं कांहींस, दाह पेटविणाऱ्या एका निरोपास अडविणारें औषध टोंचण्यांत आलें. कोलेस्टेरॉल कमी न होतांहि, मध्यम मात्रेच्या गटांत झटके व तत्सम आघात शेंकडा १५ नीं घटले. परंतु जंतुसंसर्गानें दगावणाऱ्यांची संख्या मात्र किंचित् वाढली. कारण रोहिणींत फसणाऱ्या ह्याच पेशी जंतूंशींहि लढत असतात.