इटालियनकडे मराठीतूनच जा

सोलापूर

चि. भाचीस,


इटालियन शिकायला घेतलीस, फार छान झालं. एक मात्र ध्यानात ठेव. बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. त्यांची जीभ जिथे अडते तिथे ती पानंच्या पानं खर्च करतात. त्यातलं बरंचसं मराठी पोराला आईच्या मांडीवरच आलेलं असतं.

सगळ्यात आधी 'त' आणि 'ट' बघ. इटालियनमध्ये आपला 'ट' नाहीच. तिथला 'त' दातांना जीभ लावून म्हणायचा. इंग्रजांनी 'लाटे' केलं ते मुळात 'लात्ते', आणि त्याचा अर्थ नुसतं दूध. इटलीत 'लात्ते' मागितलं तर पेल्यात दूधच येईल, कॉफी नाही. 'सी'पुढे 'एच' आला की उच्चार 'क', म्हणून 'ब्रुस्केत्ता', 'ब्रुशेटा' नव्हे. 'सी'पुढे 'ई' किंवा 'आय' आला की चिमणीतला 'च', जसं 'चाओ'. आणि 'पित्सा', 'ग्रात्सिए' यांतला 'त्स' म्हणजे आपल्या चोरातला, चुलीतला 'च'. मराठीत हे दोन्ही 'च' आहेत.

जोडाक्षरांत ढिलाई नको. 'नोन्नो' म्हणजे आजोबा, 'नोनो' म्हणजे नववा. 'काप्पेल्लो' ही टोपी, 'कापेल्लो' हा केस. 'कला' आणि 'कल्ला' यांत आपण जसा फरक करतो, तसाच तो तिथे करायचा.

शब्दाचा शेवट मात्र मराठी माणसाला जड जातो. आपण 'राम' लिहितो आणि शेवटचा 'अ' गिळतो. इथे सोलापूरचा पूर्व भाग उपयोगी पडेल. तिथल्या विणकर कुटुंबांची तेलुगू नीट ऐक. तिला 'पूर्वेकडची इटालियन' म्हणतात, कारण दोन्हींकडे शब्द बहुधा स्वरावर संपतात आणि तो स्वर पूर्ण उच्चारला जातो. सरावाला इटलीतल्या एका गावाचं नाव घे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 साली ज्या गावात त्यांचं स्मारक झालं, त्याचं नाव 'मोंतोने'. तो शेवटचा 'ने' स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

आता व्याकरण. वस्तूंना लिंग असतं हे इंग्रजांना नवं; आपल्याकडे तर तीन लिंगं, तिथे दोनच. विशेषणही नामाप्रमाणे बदलतं. फक्त एका जागी सांभाळ: मराठीत 'आ'कारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी, जसं 'घोडा', इटालियनमध्ये बहुधा स्त्रीलिंगी, जसं 'कासा' म्हणजे घर. 'ओ'कारान्त बहुधा पुल्लिंगी. अपवाद आहेत: 'मानो' म्हणजे हात, शेवटी 'ओ' असूनही स्त्रीलिंगी.

'मला चहा आवडतो' याचं इटालियन 'मि प्याचे इल ते'. 'मला पुस्तकं आवडतात' याचं 'मि प्याच्चोनो इ लिब्री'. 'मि' म्हणजे मला, आणि क्रियापद चालतं ते आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे. इंग्रजी बोलणारे इथे महिनोन्महिने चाचपडतात. तू मराठी वाक्य मनात धर आणि शब्द बदल.

ओळखीचे वाटणारे शब्द मात्र हमखास दगा देतात. 'काल्दो' ऐकून इंग्रजीतली थंडी आठवते, पण अर्थ आहे गरम. न्हाणीघरातला 'सी' लिहिलेला नळ म्हणूनच जपून सोड. 'लिब्रेरिया' म्हणजे पुस्तकांचं दुकान, वाचनालय म्हणजे 'बिब्लिओतेका'. 'कामेरा' म्हणजे खोली. 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळ्या मिरच्या.

मोठ्यांशी बोलताना 'चाओ' नको. ते बरोबरीच्यांना आणि घरच्यांना. अनोळखी किंवा वडीलधारं माणूस भेटलं की 'बुओनजोर्नो' म्हण आणि 'तू'ऐवजी 'लेई' वापर. आपण जिथे अहो-जाहो करतो, साधारण तिथेच.

आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, तिथे चिनी शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. माणसांत राहून, रोज कामापुरतं बोलत ते शिकले. तूही नुसती पुस्तकात डोकं घालून बसू नकोस. रोज एक पान मोठ्याने वाच, नवा शब्द त्याच्या लिंगासकट देवनागरीत लिहून ठेव, आणि पुढचं पत्र चार ओळींचं का होईना, इटालियनमध्ये पाठव.

तुझा,
मामा