फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू

क्रिकेट म्हटले की आपण बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना ही नावे घेतो. पण त्यांच्या कितीतरी आधी आपल्या पुण्यात एक मोठा फिरकी गोलंदाज होऊन गेला. त्यांचे नाव पळवणकर बाळू. त्यांची माहिती मी इथे देत आहे.

बाळूंचा जन्म धारवाडला, चांभार समाजात झाला. वडील पुण्यात लष्करात नोकरीला होते. बाळू लहानपणीच कामाला लागले. आधी पारशांच्या एका क्लबात आणि मग पूना जिमखाना या गोऱ्या साहेबांच्या क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, जाळी बांधायची. पगार महिन्याला चार रुपये!

मग साहेब लोकांना सरावासाठी ते चेंडू टाकू लागले. ग्रेग नावाचा साहेब फार चांगला फलंदाज होता. असे सांगतात की, बाळूंनी बाद केले की तो दर वेळी आठ आणे द्यायचा. म्हणजे महिन्यात आठ वेळा त्याला बाद केले की पगाराएवढे पैसे झाले, हिशेब करून बघा. पण एवढे तास चेंडू टाकूनही त्यांच्या हातात बॅट कोणी कधी दिली नाही.

बाळू डावखुरे होते. डावखुऱ्या फिरकीचा चेंडू कसा वळतो ते बाजूच्या चित्रात दाखवले आहे (चित्र मीच काढले आहे). गोलंदाज बोटांनी चेंडूला पीळ देतो. टप्पा मधल्या यष्टीसमोर पडतो, फलंदाज सरळ बॅट आणतो, आणि चेंडू टप्प्यानंतर स्लिपकडे निघून जातो. बॅटची कड लागली की झेल. चेंडू थोडा उंच सोडला तर फलंदाज पुढे येतो, फसतो आणि यष्टिचीत होतो. आपल्या मैदानावर सगळ्यांनाच जोरात टाकायचे असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियन संघाला हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना घेतले. पण मला वाचून फार राग आला तो पुढच्या गोष्टीचा. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळायचे. चहाच्या वेळी मात्र इतरांना आत चिनी मातीच्या कपात चहा, आणि बाळूंना बाहेर उभे करून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात! जेवणाचे ताटही वेगळे. चेंडूला विटाळ होत नाही आणि कपाला कसा होतो, हे कुणी सांगेल का?

पुढे प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळले, रेल्वेत नोकरी केली. १९०६ साली मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. १०९ धावांनी आपण जिंकलो! बाळूंनी दोन्ही डाव मिळून आठ गडी बाद केले.

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कप्तान होते. संघ बरेच सामने हरला, पण बाळूंनी खांदा दुखत असतानाही सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. तेव्हा ते पस्तिशीत होते.

तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना काही मिळाले नाही. त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही चांगले खेळाडू होते. १९२० साली शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. शेवटी १९२३ साली विठ्ठल हे कप्तान झाले आणि त्या वर्षी संघ जिंकलासुद्धा.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे उभे राहिले, समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५.

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तोवर बाळूंची पन्नाशी उलटून गेली होती. त्यामुळे त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही. प्रथम श्रेणीचे ३३ सामने आहेत आणि १७९ बळी. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.