प्रथिने आणि प्रोटीन : एक जमाखर्च

डाळी, कडधान्ये, दूध व अंडी यांतून प्रथिने मिळतात, हे मराठी शाळेत विज्ञानाच्या तासाला मी पाठ केले होते. कॉलेजात आल्यावर 'प्रोटीन' हा शब्द कानी पडू लागला. आणि ते मात्र डब्यातूनच मिळते, असे मला वाटू लागले. कन्नड शाळेतून आलेल्या माझ्या मित्राच्या पुस्तकात त्यालाच 'ससारजनक' म्हटले होते. त्याचीही गत माझ्यासारखीच झाली.

गेल्या वर्षी मी २४०० रुपयांचा एक किलोचा डबा आणला. घरी पैसे मागण्याची सोय नव्हती. खानावळीतले रात्रीचे ताट ६० रुपयांना. अशी ४० ताटे सोडली, तेव्हा डबा आला. अंगाला मात्र काही लागले नाही. उलट कपडे सैल झाले आणि अकौंटन्सीच्या तासाला डोळे मिटू लागले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जे आधी करावयाचे, ते मी शेवटी केले : हिशेब मांडला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. माझे वजन ६० किलो. म्हणजे गरज सुमारे ५० ग्रॅम. डब्यात ३० चमचे, प्रत्येकी २४ ग्रॅम प्रथिने. एकूण ७२० ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला ३ रुपये ३३ पैसे पडले. शेंगदाणे मला १६० रुपये किलोने मिळतात. किलोभर दाण्यांत सुमारे २४० ग्रॅम प्रथिने. म्हणजे ग्रॅमला ६७ पैसे. दुधातली प्रथिने दाण्यांपेक्षा सरस, हे खरे. परंतु भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. मी सोडलेल्या ताटात नेमके हेच होते !

सुटीत घरी गेलो तेव्हा आईने विचारले, "हे कशाचं पीठ रे?" मी सांगितले, दुधाचे चीज करताना जे पाणी उरते, ते वाळवून केलेली ही भुकटी. आई म्हणाली, "दूध नासलं तर ते पाणी आम्ही म्हशीला पाजतो की !" आमच्या दोन म्हशींचे दूध बाबा डेअरीला घालतात. त्याच पैशांवर मी शिकतो.

पूरक आहार सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे मला म्हणावयाचे नाही. शाकाहारी माणसास बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. कोणाच्या रक्तात लोह कमी असते. परंतु ते रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवावयाचे. आम्ही मात्र दुकानदाराला विचारतो. जादा झालेले 'क' जीवनसत्त्व बहुतांशी लघवीवाटे निघून जाते. 'अ' आणि 'ड' शरीरात साठतात व अतिरेक झाल्यास अपाय करतात. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने तर शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची भुकटी टाळावी, असेच सुचविले आहे. पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती इंग्रजीत असते. मी ती डबा संपल्यावर वाचली.

मित्रहो, डबा घेण्यापूर्वी आपले रोजचे ताट एकदा वहीत मांडून पाहा. तूट दिसली, तर ती आधी ताटातच भरून काढा. माझे रात्रीचे जेवण आता पुन्हा सुरू झाले आहे.