ज्वारीचें विष व बुरशीची तोड

पावसानें ताण दिला म्हणजे कोंवळ्या ज्वारींत गुरें शिरूं द्यावयाचीं नाहींत, हें अमरावती-अकोल्याकडील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. असा पाला पोटांत गेलेला धडधाकट बैल पाहतां पाहतां आडवा होतो. मग ह्याच पानावर बुरशी सुखानें कशी वाढते?

ज्वारींतील धुरिन हें द्रव्य १९०२ सालीं डन्स्टन व हेन्री ह्यांनीं प्रथम वेगळें काढलें. धुरिन व त्याला फोडणारें पाचकद्रव्य हीं पानांत निरनिराळ्या जागीं असतात. दारू एका कोठडींत आणि काडी दुसरींत ठेवावी, तसेंच हें. पान चावलें गेलें कीं दोन्ही एकत्र येतात व हायड्रोसायनिक आम्ल सुटतें. तेंच घातक.

पानावर वलयांचे ठिपके पाडणारी ग्लिओसर्कोस्पोरा बुरशी त्या आम्लाच्या रेणूस पाण्याचा एक रेणू जोडून त्याचें फॉर्मामाइड करिते व विषाची धार घालविते. परंतु येथें एक मौज आहे. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत बुरशीचा हा गुणच काढून टाकिला. ती विषाला हळवी झाली खरी, पण ज्वारीवर रोग पूर्वीसारखाच पडला! तिच्याजवळ दुसरीही वाट असली पाहिजे.

हरभऱ्याची गोष्ट निराळी. शत्रूचा शिरकाव झाला म्हणजे तो मॅकियाइन नांवाचें विष वाढवितो. मुळें कुजविणाऱ्या फ्युजेरियम सोलानी बुरशीच्या कांहीं वंशांत तें निकामी करण्याचा गुण असतो. १९९८ सालच्या प्रयोगांत तो गुण काढतांच हरभऱ्यावरील तिचा जोर घटला. जादा घालतांच वाढला.

आपल्याकडील मर रोगाची बुरशीही फ्युजेरियमच, पण जात वेगळी. म्हणून वरील निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावूं नये. ती हरभरा नसलेल्या जमिनींतही कित्येक वर्षें टिकते. एक वर्ष पीक बदललें कीं मर गेली, हा समज त्यामुळें फोल आहे. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या जाकी ९२१८ ह्या वाणांत मर रोगाचा प्रतिकार आहे; तथापि बुरशीचेही अनेक वंश असल्यामुळें तो प्रतिकार सर्वत्र सारखाच चालेल असें धरून बसूं नये. मर लागलेल्या शेतांतील बीं पेरणीसाठीं राखूं नये, बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळावा, आणि वाळलेलीं झाडें मुळांसकट उपटून जाळावींत.