जुन्या घराचा काळ आणि इतिहास : संशोधनाची रीत

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• घराच्या वयासंबंधीच्या प्रश्नाची योग्य फोड करता येईल.
• जुन्या कागदातील शब्द व कालगणना यांवरून त्याचा काळ ठरविता येईल.
• मौखिक माहिती आणि प्रत्यक्ष वास्तू यांचा परस्परांशी पडताळा घेता येईल.

१. प्रास्ताविक

भंडारा शहराच्या पश्चिमेला, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत आहे. ती १९६०च्या दशकात वसली. तेथील निवासस्थान केव्हा बांधले, याचे उत्तर सरकारी दप्तरात मिळू शकते. मात्र वसाहतीपासून थोडे दूर, एखाद्या खेड्यातील मातीच्या भिंतींच्या व सागवानी खांबांच्या घरासमोर उभे राहून हाच प्रश्न विचारला, तर ‘दोनशे वर्षांचे असेल’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर खरे असू शकते. पण पडताळा घेतल्याशिवाय ते पुरावा ठरत नाही.

हा प्रश्न इतिहासाचा असला, तरी त्याचा बराच पुरावा भाषेत असतो. म्हणून मराठीच्या अभ्यासकाला येथे विशेष काम आहे. हे काम तातडीचेही आहे. नव्या बांधकामासाठी जुनी घरे पाडली जातात आणि पेटीतील कागद रद्दीत जातात. गोसीखुर्द प्रकल्पामुळे तर वैनगंगेच्या काठची गावेच उठली. घर गेल्यानंतर त्याविषयी विचारायचे कोणाला, हा प्रश्न या जिल्ह्यात अनेक कुटुंबांपुढे आहे.

२. प्रश्नाची फोड

‘घर किती जुने?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात : या जागेवर वस्ती केव्हापासून आहे? आज उभी असलेली वास्तू केव्हा बांधली? तिला आजचे रूप केव्हा आले?

पुण्याचा विश्रामबागवाडा हे याचे परिचित उदाहरण आहे. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधविला. पेशवाईनंतर, १८२१ साली, तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला व तो पुढे पुन्हा उभारण्यात आला. आज तेथे गेलेला प्रेक्षक एकाच काळची वास्तू पाहत नाही. इतक्या प्रसिद्ध वाड्याची ही स्थिती असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी होत आलेल्या खेड्यातील घराला एकच सन लावणे धाडसाचे ठरेल.

म्हणून प्रत्येक पुराव्यापुढे आधी लिहावे, की तो वरील तीन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो.

३. कागदातील शब्द

सातबारा हा शेतजमिनीचा उतारा आहे. गावठाणातील घराचे वय त्यात शोधू नये. खेड्यातील घरासाठी ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, पाहावा. नगर भूमापन झालेल्या ठिकाणी मालमत्तेचा उतारा पाहावा. विदर्भात त्याला ‘आखीव पत्रिका’ म्हणतात. त्याखेरीज खरेदीखते, वाटणीपत्रे, गहाणखते, १९५४-५५ चे अधिकार अभिलेख आणि जन्ममृत्यूच्या नोंदी असलेली ‘कोतवाल पंजी’ ही साधने उपयोगी पडतात. कोतवाल पंजीत घराची नोंद नसते. परंतु कुटुंब त्या गावात केव्हापासून आहे, याचा माग लागतो.

कागदावर तारीख नसेल किंवा ती फाटून गेली असेल, तर त्यातील शब्दच काळ सांगतात. जिल्ह्याच्या नावापुढे प्रांत कोणता लिहिला आहे, ते पाहा. ‘मध्य प्रांत’ १८६१ साली निर्माण झाला. वऱ्हाड १९०३ मध्ये त्याला जोडले गेल्यावर ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असा उल्लेख येऊ लागला. १९५० मध्ये ‘मध्य प्रदेश’ झाला. १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. गोंदियाच्या घराच्या कागदावर ‘जिल्हा भंडारा’ असेल, तर तो १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचा असण्याची शक्यता अधिक.

रक्कमही बोलते. ‘रुपये, आणे, पै’ हा हिशेब १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. ‘नवे पैसे’ हा शब्द त्यानंतरच्या काही वर्षांचा. पत्त्यात पिनकोड असेल, तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नव्हे.

येथे दोन संज्ञा लक्षात ठेवाव्यात. ज्याच्या आधी कागद लिहिला जाणे शक्य नाही, ती ‘पूर्वसीमा’. ज्याच्यानंतर तो लिहिला जाणे शक्य नाही, ती ‘उत्तरसीमा’. पूर्वसीमा साधारणतः भक्कम असते, कारण जो शब्द जन्मालाच आला नाही तो कोणी लिहू शकत नाही. उत्तरसीमा मात्र जपून मांडावी. जुना शब्द व जुने नाव सवयीने पुढेही लिहिले जाते.

‘मालगुजाराचा वाडा’ या शब्दप्रयोगाचा विचार याच दृष्टीने करा. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६०च्या दशकातील बंदोबस्तात गावाच्या मालकीचे हक्क मालगुजारांना मिळाले. ३१ मार्च १९५१ पासून ते संपुष्टात आले. तेव्हा या हक्काच्या अर्थाने हे नाव १८६०च्या दशकाच्या मागे नेता येत नाही. वाडा त्यापूर्वीचा असू शकेल, पण त्यासाठी वेगळा पुरावा हवा. नावाचे वय आणि वास्तूचे वय एक नव्हे.

४. कालगणनेचे रूपांतर

शके वर्षात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीसाठी ७९ मिळवावेत. शके १८०० चा माघ महिना म्हणजे १८७९ चा प्रारंभ. व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवत आढळतो. संवत १९५६ म्हणजे सुमारे १८९९-१९००.

मराठेशाहीतील मोडी कागदांत शुहूर सन अरबी संख्याशब्दांनी लिहिलेला असतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ याचा अर्थ सात, सत्तर, शंभर व हजार, म्हणजे ११७७. त्यात ५९९ मिळविले की १७७६ येतात. हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या तारखेसाठी ६०० मिळवावेत.

हाती आलेला कागद अस्सल आहे की नक्कल, हेही पाहावे. नकलेत मजकूर जुना असला, तरी अक्षर, कागद आणि कधी कधी शब्दांची रूपे नकलकाराच्या काळची असतात.

५. मौखिक माहिती आणि बोली

‘घर केव्हा बांधले?’ असे विचारल्यास अंदाज हाती येतो. त्याऐवजी ओळखीच्या घटनेला धरून विचारावे : ‘मानमोडीच्या साथीत आजी याच घरात होती का?’ मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. ‘मालगुजारी गेली तेव्हा माडी होती का?’ या प्रश्नातून १९५१ ही सीमा मिळते.

कुटुंबातील स्त्रियांना अवश्य विचारावे. खरेदीखतात त्यांची नावे क्वचितच असतात. पण चूल कोठे होती, कोणती खोली नंतर काढली, हे त्यांना ठाऊक असते. छपरी, माजघर, कोठा, ढोली हे शब्द त्या त्या घरात ज्या अर्थाने वापरतात त्याच अर्थासह नोंदवावेत. गुरे गेल्यावरही एखाद्या खोलीला ‘कोठा’च म्हणत असतील, तर तिचा पूर्वीचा उपयोग त्या शब्दाने जपला आहे.

६. प्रत्यक्ष वास्तू

शेवटी घराकडे वळावे. मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला; तेव्हा मंगलोरी कौलांचे छप्पर त्यापूर्वीचे असणार नाही. आपल्याकडे ही कौले रेल्वे आल्यावरच सुलभ झाली असणार, हेही ध्यानात घ्यावे. लोखंडी तुळईवर टाटांची मुद्रा असेल, तर ती १९१२ च्या सुमारास जमशेदपूरला पोलादनिर्मिती सुरू झाल्यानंतरची. परंतु छप्पर बदलता येते आणि जुन्या घराचा खांब नव्या घरात बसविता येतो. म्हणून वस्तूचा काळ तेवढ्या वस्तूपुरताच धरावा.

७. कागद नसलेली घरे

या रीतीला एक मर्यादा आहे. ज्यांच्याकडे कागद होते त्यांच्याच घरांचा इतिहास सहज लिहिला जातो. वाडा ज्यांच्या श्रमावर उभा राहिला, त्या सुताराची किंवा शेतमजुराची झोपडी दप्तरात सापडत नाही. जवाहरनगरच्या निवासस्थानात नोकरीचा सारा काळ घालवून निवृत्तीनंतर ते सोडणाऱ्या कामगार कुटुंबाकडेही मालकीचा कागद नसतो. अशा घरांसाठी मौखिक नोंद हेच मुख्य साधन आहे. ती नोंद वाड्याच्या नोंदीइतक्याच काळजीने करावी.

८. सारांश

घराचे वय हा एक आकडा नसून टप्प्यांचा क्रम आहे. कागद, शब्द, आठवण आणि वास्तू यांतून मिळणाऱ्या सीमा एकमेकींशी ताडून पाहिल्या, की तो क्रम स्पष्ट होतो. निष्कर्ष लिहिताना ‘दोनशे वर्षांचे घर’ असे न म्हणता ‘मागची खोली १९१८ पूर्वीची, माडी १९५१ नंतरची’ असे लिहावे. हे विधान दिसायला लहान असले, तरी ते टिकणारे आहे.

स्वाध्याय

१. ‘नावाचे वय आणि वास्तूचे वय एक नव्हे’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२. एका तारीख नसलेल्या खरेदीखतात ‘जिल्हा भंडारा, मध्य प्रदेश’ असे असून रक्कम रुपये-आण्यांत आहे. त्याची पूर्वसीमा ठरवा आणि उत्तरसीमेविषयी कोणती सावधगिरी बाळगाल ते लिहा.
३. क्षेत्रकार्य : आपल्या गावातील एका जुन्या घराची पाहणी करा. घरमालकाची परवानगी घेऊन कागदांची छायाचित्रे काढा, मूळ कागद तेथेच ठेवा, दोन वयस्क व्यक्तींच्या मुलाखती घ्या आणि दोन पानांचा अहवाल लिहा. त्याची एक प्रत त्या कुटुंबाला द्या.